१२३४५६७८९८७६५४३२१ : मोठ्या पूर्णसंख्येचे गुणधर्म कसे तपासावेत

एखाद्या मोठ्या पूर्णसंख्येचे गुणधर्म शोधायचे ठरवले की आपला हात आपोआप भागाकाराकडे वळतो. दोनने भाग जातो का, तीनने जातो का, सातने जातो का, असे करत आपण पुढे सरकतो. पाचसहा अंकी संख्येपर्यंत ही रीत निभावते. सतरा अंकी संख्येला मात्र तीच रीत लावली, तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे या लेखातल्या संख्येसाठी अकरा कोटींच्या घरापर्यंतच्या, मूळ संख्या तपासण्याची वेळ येऊ शकते. म्हणून भागाकाराला हात घालण्याआधी संख्या कशी बांधली गेली आहे ते पाहावे. ती बांधणी सापडली की उरलेली बहुतेक उत्तरे वही आणि पेन्सिलीने मिळतात. हे प्रत्यक्ष करून दाखवण्यासाठी मी १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या घेतली आहे, कारण तिचे जवळजवळ सगळे गुणधर्म हाताने तपासता येतात, आणि तिच्यासारख्या संख्यांचा ध्यास घेतलेला गणिती आपल्याच भागातला होता.

आधी संख्या नीट लिहून घ्यावी

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी होते. कोटीच्या भाषेत ती एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस अशी वाचावी लागते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या मोजणीने या संख्येतला डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ या सतराव्या स्थानी येतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

यंत्रावर विसंबणाऱ्यांनी येथे एक गोष्ट जपावी. एक्सेलसारखी कोष्टकाची प्रणाली पहिले पंधरा अंकच सांभाळते, त्यामुळे ही संख्या खान्यात भरली की शेवटच्या २१ च्या जागी ०० दिसतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साध्या जावास्क्रिप्ट आकडेमोडीत तर ती १२३४५६७८९८७६५४३२० होऊन बसते, कारण ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढची प्रत्येक पूर्णसंख्या त्या पद्धतीत अचूक साठवता येतेच असे नाही. म्हणजे विषम संख्या दिली आणि उत्तर सम संख्येचे मिळाले, असा घोटाळा होतो, आणि तो लक्षातही येत नाही. पायथॉनमध्ये पूर्णसंख्या कितीही अंकी असली तरी पूर्ण जपली जाते. म्हणून पडताळा घ्यायचा तर तिथे घ्यावा.

बांधणी शोधणे

आता अंकांकडे पाहावे. एकपासून नऊपर्यंत चढ आणि पुन्हा एकपर्यंत उतार, हे योगायोगाने घडत नाही. शाळेतल्या उभ्या गुणाकाराच्या मांडणीत १११ ला १११ ने गुणताना १११ तीनदा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून, एकाखाली एक लिहिले जाते. उभ्या रकान्यांतले एक मोजले की १, २, ३, २, १ मिळतात, म्हणून उत्तर १२३२१ येते. हीच मांडणी नऊ एकांच्या संख्येसाठी चौकटीच्या वहीत एकदा तरी करून पाहावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नऊ ओळींची ती तिरकी पायऱ्यांसारखी उतरंड पूर्ण झाली की मधल्या रकान्यात बरोबर नऊ एक येतात, कुठेही हातचा घ्यावा लागत नाही, आणि खाली आपलीच संख्या उमटते. म्हणजे

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१.

संख्या पूर्ण वर्ग आहे हे कळले, आणि सतरा अंकांचा प्रश्न नऊ अंकांवर आला. दहा एकांच्या संख्येचा वर्ग करताना मधल्या रकान्यात दहा एक येतात, हातचा पुढे जातो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढउताराची घडी तिथे मोडते, म्हणून दशमान पद्धतीत या सरळ माळेतली शेवटची संख्या आपलीच आहे.

१, १२१, १२३२१ अशा या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते पुढे नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक झाले. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना सुचली, आणि म्हणून स्थानकाचे नाव संख्यांना मिळाले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक पुष्कळांना ठाऊक असतो. डेम्लो संख्यांची आठवण मात्र फारशी काढली जात नाही, हे मला मनापासून खटकते.

अवयव पाडणे

वर्गमूळ हाती आले की त्याचेच अवयव पाडावेत. नऊ एकांचे तीनतीनचे गट केले तर १११११११११ = १११ × १००१००१ हे नुसत्या नजरेने दिसते. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ आहे, म्हणून तिला ३ ने भाग जातो आणि भागाकार ३३३६६७ येतो. तेव्हा

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता ३३३६६७ मूळ आहे की तिचेही अवयव पडतात, हे ठरवायचे आहे. तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये आहे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. इतके भागाकार करता येतील, पण येथेही बांधणीचा उपयोग होतो.

समजा, ३३३६६७ ला प या मूळ संख्येने भाग जातो. ३३३६६७ ही १११११११११ ची विभाजक असल्याने प ने ९९९९९९९९९ लाही भाग जाईल. याचा अर्थ असा, की १ ला प ने भागले असता मिळणारा आवर्ती दशांश नऊ अंकांनंतर पुन्हा तोच येईल, म्हणजेच त्याच्या आवर्तनाची लांबी १, ३ किंवा ९ असेल. लांबी १ असेल तर प ही ९ ची विभाजक, म्हणजे ३. लांबी ३ असेल तर प ही ९९९ ची विभाजक, म्हणजे फार तर ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्याने ३ चा प्रश्न मिटतो, आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६ असल्याने ३७ ने भागता बाकी १ उरते. तेव्हा लांबी ९ च असली पाहिजे. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार ही लांबी प − १ ची विभाजक असते. शिवाय प विषम असल्याने प − १ सम आहे. म्हणून प − १ ला १८ ने भाग गेलाच पाहिजे.

५७७ पर्यंतच्या ज्या मूळ संख्यांना १८ ने भागल्यास बाकी १ उरते, त्या ३७ सोडून एवढ्याच आहेत: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकशे सहा भागाकारांच्या जागी सोळा राहिले. ते सोळाही करून पाहावेत, कारण पुढचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. १९ ने भागल्यास बाकी ८ उरते, १६३ ने भागल्यास ६ उरते, ५२३ ने भागल्यास ५१६ उरते, म्हणजे ५२३ × ६३८ हा गुणाकार आपल्या संख्येपेक्षा केवळ ७ ने पुढे जातो, आणि शेवटच्या ५७७ ने भागल्यास १६१ उरते. एकानेही भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. आपल्या सतरा अंकी संख्येत ३ हा अवयव चारदा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतो, आणि चौथा मूळ अवयव नाही.

अवयवांवरून ठरणारे प्रकार

यापुढचे काही निकाल चटकन मिळतात. विभाजकांची संख्या काढण्यासाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम येणे ही पूर्ण वर्गाचीच खूण आहे, कारण विभाजक जोड्यांनी येतात आणि वर्गमूळ तेवढे एकटे उरते. प्रत्येक मूळ अवयवाच्या वर्गानेही या संख्येला भाग जातो, म्हणून इंग्रजीत ज्यांना ‘पॉवरफुल’ म्हणतात त्या ‘बलवान’ संख्यांमध्ये ती मोडते.

स्वतःला सोडून इतर विभाजकांची बेरीज संख्येइतकी भरली तर संख्या परिपूर्ण, कमी भरली तर न्यून आणि जास्त भरली तर विपुल, हे वर्गीकरण ग्रीक काळापासून चालत आले आहे. पंचेचाळीस विभाजक लिहून त्यांची बेरीज करत बसण्याची गरज नाही. ३ च्या घातांपुरती बेरीज १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१, म्हणजे ८१ च्या सुमारे १.४९४ पट. ३७ पुरती १ + ३७ + १३६९ = १४०७, म्हणजे १३६९ च्या सुमारे १.०२८ पट. ३३३६६७ चा वाटा इतका किंचित आहे की तिसऱ्या दशांशस्थळावरही फरक पडत नाही. गुणाकार सुमारे १.५३५ येतो, त्यातून संख्या स्वतः वगळली की उरते सुमारे ०.५३५ पट. ती न्यून आहे. एवढेच नव्हे, तर याच तीन मूळ अवयवांचे घातांक कितीही वाढवले तरी ही पट १.५४२ च्या आतच राहते, त्यामुळे केवळ या तीन अवयवांची कोणतीही संख्या परिपूर्ण किंवा विपुल होणे शक्य नाही.

आता मला सर्वांत आवडणारा निकाल. एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते की नाही, हे तिच्या मूळ अवयवांना ४ ने भागून कळते: ज्यांची बाकी ३ उरते त्यांचे घातांक सम असले पाहिजेत. ३ आणि ३३३६६७ यांची बाकी ३ उरते, पण दोघांचेही घातांक सम आहेत. ३७ ची बाकी १ उरते. म्हणजे अट पुरी होते. आता प्रत्यक्ष वर्ग शोधायचे तर ३७ कडे पाहावे: ३७ चा वर्ग १३६९ हा १२ चा वर्ग १४४ आणि ३५ चा वर्ग १२२५ यांची बेरीज आहे. १११११११११ = ३७ × ३००३००३, म्हणून १२ आणि ३५ या दोघांनाही ३००३००३ ने गुणावे. मिळतात ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ भरते. म्हणजे ज्याच्या काटकोनाच्या बाजू ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ आहेत, त्या त्रिकोणाचा कर्ण नऊ एकांचा आहे. शून्य वगळून दोन वर्गांची बेरीज करण्याचा, क्रम सोडला तर, हा एकमेव मार्ग आहे, कारण अशी फोड होऊ शकणारा मूळ अवयव ३७ हाच काय तो आहे.

वर्ग असून ती त्रिकोणी संख्याही, म्हणजे १ पासूनच्या सलग संख्यांची बेरीजही, असेल का, हा प्रश्न थोडक्यात मिटतो. अशा दुहेरी संख्यांची वर्गमुळे १, ६, ३५, २०४ अशी जातात, आणि प्रत्येक पुढचे वर्गमूळ मागच्याच्या सहापटीतून त्याच्या मागचे वजा करून मिळते. असे करत गेल्यास ४६६१११७९ हे वर्गमूळ येते आणि त्याच्यानंतर थेट २७१६६९८६०; १११११११११ या दोहोंच्या मध्ये पडते. म्हणून ती त्रिकोणी नाही.

अंकांवरून ठरणारे प्रकार

येथे एक भेद वहीत स्पष्ट लिहून ठेवावा. मूळ अवयव, विभाजक, न्यूनता हे गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी ते बदलत नाहीत. यापुढचे गुणधर्म मात्र दशमान पद्धतीतल्या अंकांचे आहेत. काही अभ्यासक त्यांना दुय्यम मानतात. मला तसे वाटत नाही, कारण त्यांच्या सिद्धतेसाठी लागणारा विचार तितकाच काटेकोर असतो.

संख्या उलटसुलट सारखीच वाचली जाते हे उघड आहे. त्यानंतर हर्षद संख्येची कसोटी घ्यावी. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. आपल्या अंकांची बेरीज ४५ + ३६ = ८१, आणि ३ हा अवयव चारदा असल्याने ८१ ने भाग जातोच; भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. माळेतल्या इतर संख्यांना हे भाग्य सहसा लाभत नाही. न इतके एक असलेल्या संख्येच्या वर्गाची अंकबेरीज या माळेत न × न असते, म्हणून तो वर्ग हर्षद ठरायला न एकांच्या संख्येला न ने भाग गेला पाहिजे. एकपासून नऊपर्यंत तपासल्यास हे न = १, ३ आणि ९ यांनाच जमते. १२३४५६५४३२१ ची अंकबेरीज ३६, पण संख्या विषम, म्हणून तिथे भाग जात नाही. म्हणजे नऊ भावंडांपैकी हर्षद तीनच: १, १२३२१ आणि आपली संख्या.

कापरेकरांची दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची. तिलाच ते देवळाली संख्या म्हणत. एखादी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या तयार होते, आणि पहिली ही दुसरीची जनक ठरते. जिला जनकच नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येला जनक आहे का? जनक आणि त्याची अंकबेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते. त्यांची बेरीज ९ च्या पटीत असल्याने दोघेही ९ च्या पटीत असले पाहिजेत. सतरा अंकांची बेरीज १५३ च्या पुढे जात नाही, त्यामुळे वजाबाकीचा परिणाम शेवटच्या तीन अंकांपुरताच होतो आणि पहिले चौदा अंक, ज्यांची बेरीज ७५ आहे, जसेच्या तसे राहतात. शेवटचे तीन अंक १६८ ते ३२० यांच्या दरम्यान असतील, आणि त्यांची बेरीज २ पेक्षा कमी व २० पेक्षा जास्त नसेल. म्हणून जनकाची अंकबेरीज ७७ ते ९५ मधली ९ ची पट, म्हणजे ८१ किंवा ९०. ९० वजा केल्यास शेवटी २३१ येतात, पण तेव्हा अंकबेरीज ८१ भरते, जमत नाही. ८१ वजा केल्यास शेवटी २४० येतात, आणि अंकबेरीज ७५ + ६ = ८१. जमले. १२३४५६७८९८७६५४२४० हा एकमेव जनक सापडला, तेव्हा आपली संख्या स्वयंभू नाही.

राहिली कापरेकर संख्येची कसोटी. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. आपल्या सतरा अंकी संख्येचा वर्ग तेहतीस अंकी आहे, म्हणून उजवीकडचे सतरा अंक तोडून डावीकडच्या सोळा अंकांत मिळवावे लागतील. तो वर्ग काढण्याचे कष्ट वाचवता येतात. बेरीज जुळत असेल, तर वर्गातून मूळची संख्या वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला सतरा नवांच्या संख्येने, आणि म्हणून सतरा एकांच्या संख्येनेही, भाग गेलाच पाहिजे. ती उरलेली संख्या म्हणजे आपली संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांचा गुणाकार. आता ९ आणि १७ यांचा मसावि १ असल्याने नऊ एकांची आणि सतरा एकांची संख्या यांचाही मसावि १ च असतो, त्यामुळे आपल्या संख्येकडून या भागाकाराला काहीच हातभार लागत नाही. सगळा भार १२३४५६७८९८७६५४३२० वर येतो. तिच्यातून १११११११११११११११११ एकदा वजा केले की १२३४५६७८७६५४३२०९ उरतात; ही बाकी शून्य नाही आणि भाजकापेक्षा लहान आहे. भाग जात नाही, म्हणून ही कापरेकर संख्या नाही.